मालक गाडीसोबत

१

गाडीचं पुस्तक फाइलमध्ये नव्हतं.

सीमेवरच्या नाक्यावर, खिडकीपलीकडे बसलेल्या अधिकारी बाईंनी फाइल दोनदा चाळली, मग उलटी करून झटकली. विम्याचा कागद पडला. नोंदणी पुस्तकाची छायाप्रत पडली. मूळ पुस्तक काही पडलं नाही.

"छायाप्रत चालत नाही," बाई म्हणाल्या. त्यांना सर्दी झाली होती, त्यामुळे प्रत्येक वाक्यानंतर त्या रुमाल शोधत.

खिडकीच्या अलीकडे उभ्या असलेल्या गृहस्थांनी हेच वाक्य चौतीस वर्षं लोकांना ऐकवलं होतं. विमा कंपनीत ते सर्व्हेअर होते. जळालेली गोदामं आणि आपटलेले ट्रक बघायचे, आणि भरपाई मागणाऱ्याच्या अर्जात कोणता कागद कमी आहे ते शोधून काढायचं, हे त्यांचं काम. कमी असलेल्या कागदाला त्यांच्या कचेरीत त्रुटी म्हणत. त्यावरून त्यांना पाठीमागे सगळे त्रुटीसाहेब म्हणत, आणि निवृत्तीच्या दिवशी एकाने तोंडावरही म्हटलं होतं.

"देशात येताना पुस्तक दाखवलं असणार," बाई म्हणाल्या. "त्याशिवाय गुलाबी परवाना मिळत नाही. बाहेर जातानाही तेच दाखवायचं. परवाना आज संपतोय. चार वाजता खिडकी बंद. मग गाडी आमची."

"तुमची म्हणजे?"

बाईंनी पेनाने मागच्या काचेकडे खूण केली. मागच्या आवारात जप्त केलेल्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. काहींच्या चाकांतून गवत वर आलं होतं. कोपऱ्यात पत्रा दाबायचं यंत्र होतं.

"पन्नास वर्षांची जुनी गाडी कोण घेणार? भंगारात जाईल."

गाडी त्रुटीसाहेबांच्या बायकोची. अकरा वर्षांपूर्वी तिने कुणाच्या तरी शेडमधून नुसता सांगाडा उचलून आणला होता, आणि एका मिस्त्रीला हाताशी धरून त्याची कॅम्पर व्हॅन उभी केली होती. आत समोरासमोर दोन बाकं, मधली फळी टाकली की पलंग, दोन शेगड्यांचा ओटा. दोन देश ओलांडून पलीकडच्या समुद्रापर्यंत ही गाडी न्यायची, एवढंच तिचं म्हणणं. दरवर्षी ती तारीख काढायची आणि दरवर्षी नवऱ्याला एखादा कागद कमी सापडायचा. "कागद पुरे झाल्याशिवाय चाक हलणार नाही," असं ते म्हणत, आणि चाक हलत नसे. सात महिन्यांपूर्वी ती गेली. आता निघाले होते. तिच्या मागे निदान गाडी तरी समुद्र बघेल, यापलीकडे त्यांना काही नको होतं.

अख्ख्या घरात त्यांनी कधी न उघडलेली फाइल ही एकच. झाकणावर तिचं अक्षर होतं. निघण्यापूर्वी उघडवली नाही. वाटेत उघडायचा प्रश्नच नव्हता, कारण मुलीने त्यांच्याकडून वचन घेतलं होतं, "बाबा, या प्रवासात एकही कागद वाचायचा नाही." अकरा दिवस त्यांनी ते पाळलं. काल संध्याकाळी मात्र जेवताना ते म्हणाले, "उद्या नाक्यावर फाइल मी नेणार. तिचं एक काम मला करू द्या." आणि फाइल मांडीवर घेऊन नुसते बसले. तेव्हा पुस्तकाच्या जाड पुठ्ठ्याचा कोपरा त्यांच्या बोटांना प्लास्टिकमधून लागला होता. सर्व्हेअरची बोटं ती, विसरत नाहीत.

म्हणजे पुस्तक गेलं ते कालचं जेवण आणि आजचा चहा यांच्या मधल्या वेळात. बाहेरचा माणूस गाडीपाशी आलाच नव्हता. आत चौघंच होते. ते स्वतः, मुलगी, मेव्हणा आणि मिस्त्री.

ज्याने पुस्तक घेतलं तो त्यांच्याच ताटाशेजारी जेवला होता, आणि सकाळी कदाचित त्यानेच त्यांच्या हातात चहाचा कप दिला होता.

२

मिस्त्री खिडकीपासून चार पावलांवर उभ्या गाडीच्या मागे उकिडवा बसला होता. या गाडीचं इंजिन मागे असतं. नाक्यावर अडकलेला वेळ फुकट घालवायचा नाही म्हणून तो पट्टा तपासत होता.

"पुस्तक नाही सापडलं," त्रुटीसाहेब म्हणाले.

"ऐकलं साहेब."

"तू घेतलंस?"

"मला कशाला? मला वाचायलाच चष्मा लागतो."

"इंजिन तू बदललंस. गेल्या मार्चमध्ये. पुस्तकात जुन्या इंजिनाचा नंबर असेल आणि गाडीत नवं बसवलेलं असेल, तर अडकणार कोण? तू. चोराच्या मनात चांदणं."

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. "छायाप्रत जुनी आहे, त्यात जुनाच नंबर असणार. पण आपल्या बाईंनी स्वतः नोंदणी कचेरीत जाऊन पुस्तकात नवा नंबर चढवून आणला होता. मी त्यांच्यासोबत होतो. दोन तास उभं केलं आम्हाला."

"दोन तास? एका नंबरला?"

मिस्त्री जरा थांबला. "गर्दी होती."

त्रुटीसाहेबांनी हे मनात नोंदवलं. खोटं बोलणारा माणूस बहुतेक वेळा गर्दीचंच नाव घेतो, कारण गर्दी साक्षीला येत नाही.

"साहेब, ऊन आहे," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही त्या खिडकीसमोर काय उभे राहता सारखे? तिकडे झाडाखाली बाक आहे, तिथे बसा घटकाभर."

"पुस्तक सापडेपर्यंत मी खिडकी सोडणार नाही. कुणी आपणहून आणून दिलं तर माझ्या डोळ्यांदेखत देईल."

मिस्त्रीने मान खाली घातली आणि पुन्हा पाना उचलला. पण पट्टा केव्हाच घट्ट झाला होता. तो उगाच तोच नट फिरवत राहिला.

३

मेव्हण्याने तीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली होती. निवृत्त झाला तरी चामड्याची पिशवी खांद्यावरून उतरली नव्हती. बायको म्हणायची, माझा भाऊ झोपेतसुद्धा पुढे सरका म्हणतो.

"पिशवी दाखव," त्रुटीसाहेब म्हणाले.

"दाजी, तिकीट काढलंय मी," मेव्हणा म्हणाला, पण पिशवी उलटी केली. कंगवा, रक्तदाबाच्या गोळ्या, नखं कापायची कात्री, बहिणीचा एक लहानसा फोटो. तो त्याने पटकन आत टाकला.

"पहिल्या नाक्यावर कागद तू दाखवलेस."

"हो. तुम्ही आणि मिस्त्री पाण्याचे डबे भरायला गेला होता. मी आणि पोरगी खिडकीवर होतो."

"आम्हाला पाण्याला कुणी पाठवलं?"

"तहानेने," मेव्हणा म्हणाला.

"तुझ्या ताईच्या नावावरची गाडी. ताई गेलेली. मालक हयात नसताना गाडी परदेशात आणली, आणि त्यांनी काही न विचारता शिक्का मारला?"

"शिक्का मारणारा बिचारा जांभया देत होता. दाजी, सगळी दुनिया तुमच्यासारखी नसते. परवा घाटात पोलिसाने अडवलं, तेव्हा चालवत कोण होतं? तुमची लेक. त्याने परवाना वाचला, फाइल आणि हिचं ओळखपत्र बघितलं, सलाम ठोकला आणि सोडलं. तुम्ही असता तर स्वतःलाच दंड करून घेतला असता."

ही थट्टा होती, पण मेव्हण्याचे डोळे तिच्यात नव्हते. ते घड्याळाकडे होते.

"एक वाजला. तुम्ही जाऊन दोन घास खाऊन या. मी तुमची जागा धरतो. जागा धरण्यात आयुष्य गेलंय माझं."

"मला भूक नाही."

"अहो, पाच मिनिटं हला की तिथून. तुम्हाला काय खिळा ठोकलाय?"

आवाज चढला होता. हा माणूस बहिणीच्या तेराव्यालासुद्धा लोकांना हसवत होता. आता पाच मिनिटांसाठी त्याचा संयम सुटला होता.

मुलगी गाडीच्या दारात बसली होती, थंडी नसतानाही जाकीट घालून. ते जवळ आले तशी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही रात्री झोपला नाहीत. आत पडा थोडं. मी बघते खिडकीवर काय ते."

त्रुटीसाहेब तिथेच थांबले.

तीन माणसं. एकाने झाडाखाली पाठवलं, एकाने जेवायला, एकीने झोपायला. पुस्तक कुठे गेलं असेल, हे तिघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं. एकाने चोरी केली असती, तर उरलेले दोघे आतापर्यंत बाकांखाली शोधत असते.

चोर एक नव्हता. तिघंही होते.

४

तिघं मिळून गाडी भंगारात घालवतील, हे त्यांना पटेना. मिस्त्रीने अकरा वर्षं तिच्याखाली पाठ घासली होती. मेव्हणा प्रवास सुरू करताना गाडीच्या पत्र्याला हात लावून रडला होता. मुलीने तर प्रवासाची सगळी आखणी केली होती. यांना गाडी अडकवायची नव्हती. मग पुस्तक लपवलं ते नाक्यापासून नव्हे. लपवलं ते त्यांच्यापासून.

पुस्तक वाचता येत नसेल, तर पुस्तक बघून लिहिलेलं काहीतरी वाचावं. सर्व्हेअरकीत हे रोजचंच. हिशेबाची वही जळाली तर गेटवरच्या पहारेकऱ्याची वही मागवायची.

पुढच्या काचेला प्लास्टिकच्या पाकिटात गुलाबी परवाना लटकत होता. अकरा दिवस तो त्यांच्या नाकासमोर होता. मुलीला दिलेलं वचन मोडून त्यांनी तो काढला आणि उलगडला.

गाडीचा क्रमांक. इंजिनाचा क्रमांक, नवा. म्हणजे मिस्त्री खरं बोलला होता, नोंद झाली होती. मालकाच्या नावाची जागा परवान्यात नव्हतीच. त्याऐवजी दोन चौकोन होते. एकापुढे छापलं होतं "मालक गैरहजर, संमतीपत्र जोडले आहे". दुसऱ्यापुढे "मालक गाडीसोबत".

खूण दुसऱ्या चौकोनात होती.

त्यांनी परवाना खिडकीवर नेला. "हे चुकून झालं असेल," ते म्हणाले.

बाईंनी नाक पुसलं. "ती खूण चुकून होत नाही. मालकाचं ओळखपत्र हातात घेतात, पुस्तकाशी ताडून बघतात, मगच खूण करतात. नाव पुस्तकात असतं म्हणून इथे लिहीत नाहीत."

"मालक तेव्हा गाडीत होता?"

"होता. आणि परवाना चालू आहे तोवर तो गाडीसोबतच राहायला हवा. म्हणजे आत्ताही असेल."

त्रुटीसाहेबांनी वळून गाडीकडे पाहिलं. ज्या बाईच्या नावावर ती गाडी होती, तिला त्यांनी सात महिन्यांपूर्वी स्वतःच्या हातांनी अग्नी दिला होता.

५

मेलेलं माणूस ओळखपत्र दाखवत नाही. म्हणजे बायको जाण्याआधीच गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली होती. इंजिनाच्या एका नोंदीला दोन तास लागत नाहीत. मालकी बदलायला लागतात.

आणि तो नवा मालक पहिल्या नाक्यावर गाडीसोबत होता. ते स्वतः नव्हेत. उरले तिघं.

परवान्याच्या मागच्या बाजूला आणखी एक रकाना होता, "मालकाखेरीज गाडी चालवणारे". त्यात दोन नावं होती. एक त्यांचं, एक मिस्त्रीचं. मिस्त्री मालक असता तर त्याचं नाव या रकान्यात आलं नसतं. तो सुटला. मेव्हण्याचं नाव नव्हतं, पण त्याला गाडी चालवताच येत नव्हती. तीस वर्षं ड्रायव्हरच्या पाठीला पाठ लावून काढली आणि क्लच कुठला हे त्याला माहीत नव्हतं. मालकाला चालवता आलं पाहिजे असा काही नियम नाही. तेव्हा तो असूही शकत होता.

पण घाटात पोलिसाने अडवलं तेव्हा स्टिअरिंगवर मुलगी होती. तिचं नाव या रकान्यात नव्हतं. पोलिसाने परवाना वाचला होता, फाइल आणि तिचं ओळखपत्र बघितलं होतं. रकान्यात नसलेल्या बाईला त्याने तिथेच खाली उतरवायला हवं होतं. त्याऐवजी सलाम करून सोडलं. नाव रकान्यात नसताना गाडी बिनदिक्कत चालवू शकतं असं माणूस एकच असतं.

साडेतीन वाजले होते. ते गाडीच्या दारापाशी गेले.

"गाडी तुझी आहे," ते म्हणाले.

मुलीने होकारार्थी मान हलवली. मेव्हणा आणि मिस्त्री येऊन उभे राहिले, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे.

"पुस्तक जाकिटात आहे?"

"हो."

"सकाळपासून?"

"तुम्ही फाइल नेणार म्हणालात, म्हणून काढलं. वाटलं, तुम्ही जरा बाजूला झालात की मी आणि मामा जाऊन शिक्का मारून आणू. पाच मिनिटांचं काम होतं. तुम्ही हललाच नाहीत."

"म्हणजे मी पहारा देत बसलो, म्हणून गाडी अडकली."

"आता काय सांगायचं दाजी," मेव्हणा पुटपुटला.

"एवढंच होतं?" त्यांना खरंच हलकं वाटलं. "लेकीच्या नावावर केली, यात लपवण्यासारखं काय? मी काय तुझ्याकडून हिसकावून घेतली असती?"

मिस्त्री फडक्याने हात पुसत राहिला. हात स्वच्छ होते.

"बाबा," मुलगी म्हणाली, "वीस-पंचवीस मिनिटं राहिलीत. तुम्ही इथेच बसा. मी एकटी जाते, शिक्का मारून येते. पुस्तक मागू नका. कोडं सुटलं ना तुमचं? मग पुरे आता."

पुरे करता आलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा एक कागद न वाचता सोडायची संधी समोर चालून आली होती, आणि देणारी पोटची पोर होती.

त्यांनी हात पुढे केला.

६

पुस्तक तिच्या अंगाच्या उबेने गरम होतं. त्यांनी मालकीचं पान उघडलं आणि सवयीने आधी तारीख वाचली.

चार मार्च.

पुन्हा वाचली. शिक्क्यातला आकडा पुसट होता, म्हणून पान उजेडाकडे धरलं. चारच होता.

अकरा मेला डॉक्टरांनी त्या दोघांना समोर बसवून आजाराचं नाव सांगितलं होतं. बायको शेजारच्या खुर्चीत होती, मांडीवर पर्स धरून. त्यांनी तिचा हात धरला होता. आपण दोघांनी हे एकदमच, पहिल्यांदा ऐकलं, अशी त्यांची समजूत होती. गेल्या सात महिन्यांत ते त्याच एका समजुतीला धरून होते.

"चार मार्चला तिला माहीत होतं," ते म्हणाले.

"फेब्रुवारीच्या शेवटी कळलं," मुलगी म्हणाली.

"तुला?"

"त्याच दिवशी."

त्यांनी मेव्हण्याकडे पाहिलं. "त्याच आठवड्यात," तो म्हणाला. त्याला आता थट्टा सुचत नव्हती.

मिस्त्रीने विचारायची वाट पाहिली नाही. "बाई म्हणाल्या, इंजिन जरा लवकर बसव. मी घाई का म्हणून विचारलं, तर सांगितलं."

"मिस्त्रीला सांगितलं," त्रुटीसाहेब म्हणाले. "मिस्त्रीला."

"काही करण्यासारखं नव्हतं बाबा. डॉक्टरांनी तिला तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं. तुम्हाला कळलं असतं तरी फरक पडला नसता."

"मी ते विचारत नाहीये."

मुलगी दारातून खाली उतरली. "तिने तुम्हालाच पहिल्यांदा सांगितलं होतं. फेब्रुवारीत एकदा म्हणाली, मला काहीतरी झालंय असं वाटतंय. तुम्ही पेपरातून डोकं न काढता विचारलंत, रिपोर्ट आहे का? नव्हता. मग एकटी जाऊन रिपोर्ट घेऊन आली. मी म्हटलं, आता दाखव त्यांना. तर म्हणाली, दाखवला की उद्यापासून घरात फाइल उघडेल. मला थोडे दिवस घर हवंय."

"असं म्हणाली?"

"अगदी असंच."

"आणि तुम्ही तिघांनी ऐकलंत."

"ताईचं कोण नाही ऐकायचं?" मेव्हणा म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो, आणि तो तोंड फिरवून उभा राहिला.

चारला दहा कमी असताना मुलगी खिडकीवर गेली. तिने पुस्तक ठेवलं, ओळखपत्र ठेवलं. बाईंनी दोन्ही ताडून पाहिलं, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "सकाळीच द्यायचं होतं. कुणासाठी थांबला होता?"

मुलीने पुस्तक उचलून परत जाकिटात ठेवलं.

आडवा दांडा वर गेला. मिस्त्री स्टिअरिंगवर बसला, शेजारी मेव्हणा. त्रुटीसाहेब मागच्या बाकावर बसले, समोरच्या बाकावर मुलगी. पलीकडचा रस्ता सरळ होता आणि गाडी सुरेख चालत होती. नवं इंजिन कुरकुर न करता ओढत होतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "मार्च-एप्रिलमध्ये ती काय करायची?"

"काही विशेष नाही," मुलगी म्हणाली. "तिला विशेष काही करायचंच नव्हतं. सकाळी मिस्त्रीकडे जायची. दुपारी झोपायची. संध्याकाळी तुमची वाट बघायची. एकदा फोनवर म्हणाली, आज तुझे बाबा जेवताना हसले. कशावरून ते नाही सांगितलं. तुम्ही कशावरून हसला होतात?"

त्यांनी आठवायला सुरुवात केली.

मार्च महिना. शीतगृहाची आग. पहारेकऱ्याचा पहिला जबाब सव्वादोनचा, दुसरा पावणेतीनचा, आणि तेवढ्यावर त्यांनी अर्ज परत पाठवला होता. शीतगृहाच्या मालकाच्या डाव्या हाताला पट्टी होती. एप्रिल. नदीत कलंडलेला वाळूचा तराफा. त्याच्या दोरखंडाला सात पीळ होते आणि कागदावर नऊ लिहिले होते. तराफेवाल्याचा चेहरा आठवला, त्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण आठवलं. कचेरीतल्या पंख्याचा आवाजही आठवला.

"आठवतंय का?" मुलीने विचारलं.

चार मार्चपासून अकरा मेपर्यंत अडुसष्ट दिवस होतात. अडुसष्ट संध्याकाळी ते घरी जेवले होते, ती समोर बसलेली असणार, आणि त्यांना त्यातली एकही आठवत नव्हती.